उत्खननाच्या गावात शाळेशी आणि गावकऱ्यांशी काम कसं करावं

एका विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात नव्यानं रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकांनी विचारलं आहे. नदीकाठच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, त्यांच्या विभागाचं उत्खनन सुरू आहे, हा दुसरा मोसम. पहिल्या वर्षी त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत स्लाइड दाखवून व्याख्यान दिलं, मुलांना चर दाखवायला नेलं, वारसा सप्ताहात प्रदर्शन मांडलं. यंदा गेले तर कुणाला फारसं काही आठवत नव्हतं. मुलं एकच विचारतात, "सर, सोनं सापडलं का?" आणि गावात कुजबुज आहे की सरकार जमीन घेणार. आता काय करावं?

आधी जमिनीचं बोला, शाळेचं मागाहून. ज्याच्या घरी रात्री 'आपलं रान जाणार' अशी बोलणी चालली आहेत, ते पोर सकाळी तुमच्या तांब्या-दगडाच्या हत्यारांच्या ताम्रपाषाण युगात रमणार नाही. उत्खनन झालं म्हणून सात-बारावरचं नाव बदलत नाही, हे तुम्हाला-मला माहीत आहे. गावाला ते कुणी नीट सांगितलेलं नाही. सरपंचांना भेटून ग्रामसभेत वेळ मागा. तिथे विभागप्रमुखांनी स्वतः उभं राहून साध्या मराठीत सांगावं: खणण्याचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळाला आहे, तो अमुक जागेपुरता आणि अमुक मुदतीपुरता आहे, मोसम संपला की चर बुजवून देऊ, पिकाच्या नुकसानीचे इतके पैसे अमुक तारखेला देऊ. एखादी जागा संरक्षित करायची झाली तर तिची प्रक्रिया वेगळी आहे. १९५८च्या कायद्याप्रमाणे आधी दोन महिन्यांची सूचना काढावी लागते आणि त्या मुदतीत हरकत घेता येते, हेही सांगा. केंद्र-संरक्षित जागेपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते, ही २०१०ची दुरुस्ती गावातला कुणीतरी मोबाइलवर वाचून आलेला असतोच. त्याला 'तसं काही नाही हो' म्हणून गप्प केलंत की विश्वास तिथेच संपला. "आम्ही असा प्रस्ताव दिलेला नाही, द्यायची वेळ आली तर आधी या सभेत येऊ" हे तुमच्या विभागाला मान्य असेल तर तसं सांगा. मान्य नसेल तर सांगू नका.

परवान्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि तिच्या खाली मराठीत चार ओळी लिहा. एवढ्या साध्या गोष्टीनं किती फरक पडतो हे मी दोनदा अनुभवलं आहे. एका गावात तर पोलीस पाटलांनी ती प्रत स्वतः प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुन्हा लावली, पावसानं भिजू नये म्हणून.

सोन्याच्या अफवेवर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला. रोज काम सुटायच्या वेळी, उघड्यावर, टेबलावर त्या दिवसाच्या सगळ्या पुरावस्तू मांडायच्या आणि नोंदवही मोठ्यानं वाचायची. "चर क्रमांक तीन, थर चार, मातीचा मणी एक. चर पाच, थर दोन, तांब्याचा तुकडा, गंजलेला. हाडाचं टोक एक." ज्याला यायचं त्यानं यावं, बघावं. वाचून झालं की सगळ्यांसमोर पेटीला कुलूप. पहिल्या आठवड्यात गर्दी होते, दुसऱ्या आठवड्यात मुलं आणि म्हातारी माणसं उरतात, पण अफवा मरते. तंबूत नेऊन दार लावून जे पाहिलं जातं, त्याचंच गावात सोनं होतं.

आता आमच्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं तिच्यातून आलं आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्या चमूनं एका गावात तीन मोसम खणलं. शेवटच्या दिवशी पेट्या ट्रकमध्ये चढवल्या, चर बुजवले, मजुरांचा हिशोब केला आणि निघालो. नऊ वर्षांनी शेजारच्या खोऱ्यात सर्वेक्षण करत असताना पाणी प्यायला त्याच गावात थांबलो. ओट्यावर बसलेल्या एका आजोबांनी मला ओळखलं. म्हणाले, "तुम्हीच ना ती खापरं नेली होती? मग काय निघालं त्याच्यातनं?" त्या खापरांवर तोवर माझे दोन निबंध छापून आले होते, इंग्रजीत. गावाला आम्ही एक पोस्टकार्डही टाकलं नव्हतं. मी तिथेच बसलो आणि तासभर सांगत राहिलो: तिथे किती जुनी वस्ती होती, काय पिकवत होते, कोणती जनावरं होती, वस्ती का उठली असावी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "वाडीकडच्या विहिरीचं तुम्हाला कुणी सांगितलं नसंल." त्यांच्या तरुणपणी विहीर खणताना दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली निघाली होती, आत इवलीशी हाडं. लोकांनी हात जोडले, मडकी होती तशी बुजवली आणि विहीर दहा हात पलीकडे खणली.

या विषयातल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल ते सांगायला नको. जोर्वे काळातली, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण युगातली माणसं लहान मुलांना तसंच पुरत. आम्ही तीन मोसम ज्या वस्तीचा शोध घेत होतो, ती त्या विहिरीपर्यंत पसरलेली असावी, आणि ते गावातल्या निदान पाच-सहा माणसांना माहीत होतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून माझं सांगणं असं, की शाळेत आणि गावात आधी विचारायला जा. सांगायचं आपोआप येतं. आपल्या भाषेतच बघा ना, गावाच्या जमिनीचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळीत पिकतं, पांढरीवर माणूस राहतो. शतकानुशतकं चुलीची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती साचून जमीन पांढुरकी होते, हे आपल्या शास्त्राच्या कितीतरी आधीपासून शेतकऱ्याला ठाऊक आहे. मराठवाड्यात धाब्याच्या घरांवर घालायला हीच पांढरी माती पिढ्यान्पिढ्या खणून नेली गेली. ती नेणाऱ्या माणसाला विचारा, टेकाडाच्या कोणत्या अंगाला नुसती राख लागते, कुठे मडकी फुटतात, कुठे 'विटाच विटा' आहेत. तुमच्या पृष्ठभाग-सर्वेक्षणाचा अर्धा नकाशा तो बोटानं काढून दाखवेल.

कोकणातली कातळशिल्पं याचं सगळ्यात मोठं उदाहरण. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, हत्ती, मासे, माणसं आणि गूढ चौकटी कोरलेल्या आहेत. त्या हुडकून काढणारे स्थानिक अभ्यासक वाडी-वाडीवर गेले आणि गुरं राखणाऱ्यांना, म्हाताऱ्या माणसांना विचारत हिंडले. गावकऱ्यांना त्या खुणा माहीत होत्या; त्यांच्याभोवती पांडवांच्या गोष्टी होत्या, कुठे पूजाही होत होती. २०२२मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. प्रवरेकाठच्या दायमाबादची ती चार कांस्यशिल्पं, बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोहून जास्त वजनाची, तीही १९७४मध्ये एका गावकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना सापडली. विभागाचा चर तिथे नव्हता.

आता शाळा. स्लाइड बंद करा. पडद्यावरचं इनामगावचं, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या ताम्रपाषाण युगाच्या गावाचं चित्र मुलांना टीव्हीवरच्या चित्रासारखं दिसतं आणि तसंच विसरलं जातं. त्याऐवजी खापरांची एक पिशवी न्या. ही खापरं तुमच्या विभागाच्या शिकवण्याच्या संग्रहातली असावीत. ज्यांचा थर माहीत नाही, ज्यांचा अभ्यास होऊन गेला आहे, अशी. गावच्या पांढरीवरून उचललेली नकोत. त्याचं कारण पुढे सांगतो.

वर्गात चार-चार मुलांचे गट करून प्रत्येक गटाला पंधरा-वीस तुकडे द्या आणि म्हणा, "लावा." कसं लावायचं ते सांगू नका. कुणी रंगानं लावेल, कुणी जाडीनं, कुणी नक्षी आहे-नाही यावर. मग विचारा, असं का लावलं? वर्गीकरण म्हणजे काय, हे या दहा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं एम.ए.च्या पहिल्या सत्रात कळत नाही. जोर्वेचा तुकडा असेल तर टिचकी मारायला सांगा. लाल लेप, वर काळी रेघ, अंगानं पातळ, आणि आवाज खणखणीत. शेजारी जाडंभरडं खापर वाजवलं की बद्द आवाज येतो. भट्टी किती तापली होती हे कानानं कळतं, ही गोष्ट पोरं जन्मभर विसरत नाहीत.

त्यानंतर कडेचे तुकडे. एका मोठ्या कागदावर एकात एक वर्तुळं काढून न्या, दोन-दोन सेंटीमीटरनं वाढणारी. कडेचा तुकडा उलटा करून, तोंडाकडची बाजू कागदावर टेकवून सरकवत न्यायचा. ज्या वर्तुळावर कड चपखल बसते, तेवढं त्या भांड्याचं तोंड. हाताच्या बोटाएवढ्या तुकड्यावरून अख्खं भांडं उभं राहतं. एका शाळेत सहावीतल्या मुलीनं असा तुकडा बसवला, वर्तुळ निघालं बारा सेंटीमीटरचं. तिनं कागदावरच्या वर्तुळात आपला हात मुठीसकट ठेवून पाहिला आणि म्हणाली, "हात आत जातोय सर, म्हणजे हे घासता येत असणार." मी वीस वर्षं तोंडाचे व्यास मोजत आलो होतो. घासण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. त्या वर्षीच्या माझ्या टिपणांत तो मुद्दा आहे, तिच्या नावानं.

घरचा अभ्यास म्हणून एकच गोष्ट द्या: आजीला मातीच्या भांड्यांची नावं विचारून या, आणि प्रत्येकात काय ठेवायचे ते लिहून आणा. रांजण, डेरा, घागर, गाडगं, मडकं, बोळकं, परळ, येळणी, तवली, सुगड. मुलांना यातली दोन-तीन ठाऊक असतात, आज्यांना पंधरा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी झाली की गावातल्या कुंभारकाकांना वर्गात बोलवा आणि खुर्ची द्या. बोळक्याची मान कशी ओढतात हे ते सांगतील तेव्हा तुम्ही मागे उभे राहून लिहून घ्या.

थर शिकवायचे असतील तर जुन्या पडक्या घराची सारवलेली जमीन दाखवा. खुरप्यानं कापलेल्या कडेवर पापुद्र्यासारखे पातळ थर एकावर एक दिसतात. दर सारवणीचा एक. खालचा आधीचा, वरचा नंतरचा. इनामगावच्या घरांच्या जमिनी आपण अशाच वाचतो. मुलांना ते थर मोजू द्या. घराच्या मालकाला आधी विचारा, आणि त्यालाही मोजायला बसवा.

वाळूच्या खोक्यात मडकी पुरून मुलांकडून 'उत्खनन' करवून घेण्याची पद्धत हल्ली फार आहे. मला ती आवडत नाही. मुलं जे शिकतात ते एवढंच, की उकरलं की वस्तू मिळते आणि ज्याला आधी मिळाली तो जिंकला. करायचंच असेल तर बक्षीस वस्तू काढणाऱ्याला देऊ नका. ज्यानं वस्तू जागेवर असताना तिचं चित्र काढलं, खोली मोजली आणि मग हात लावला, त्याला द्या.

हे मी इतक्या आग्रहानं सांगतो, कारण याचा फटका मी खाल्ला आहे. एका शाळेत बोलताना मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "तुमच्या टेकाडावर असं कितीतरी पडलेलं आहे." एका मुलानं दुसऱ्या दिवशी नक्षीचा छान तुकडा आणून दिला, मी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी टेकाडाच्या नदीकडच्या कडेला वीस-पंचवीस खड्डे होते, आणि शाळेच्या व्हरांड्यात खापरांचे ढीग. पोरांच्या हातांवर ओरखडे, चेहऱ्यांवर आनंद. त्या कडेचा जवळजवळ दोन मीटर लांबीचा छेद, म्हणजे थर दाखवणारी उभी बाजू, आम्ही गमावला. मुलांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. मी त्यांना वस्तू मौल्यवान आहे हे सांगितलं होतं. ती कुठे पडली आहे हे त्याहून मौल्यवान आहे, हे सांगितलं नव्हतं. तेव्हापासून माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "दिसलं तर हात लावू नका, मला बोलवा. मी येईन." आणि बोलावलं की जावं लागतं. परीक्षेचे पेपर तपासायचे असले तरी.

इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या करेन्झा लुईस यांनी २००५पासून शाळकरी मुलांना घेऊन नांदत्या गावांत, लोकांच्या परसात, एक मीटर लांब-रुंद चाचणी-खड्डे खणले. दर दहा सेंटीमीटरला थांबून नोंद करायची, अशी शिस्त. मुलांना त्यातून विद्यापीठाची ओळख झाली आणि त्या गावांच्या मध्ययुगीन वस्तीचा नकाशाही हाती आला. वाचायला फार चांगलं आहे. आपल्याकडे तसंच करायला जाऊ नका. इथे परवान्याशिवाय खणता येत नाही, आणि ते तसंच असावं असं मला वाटतं. पण त्यातला एक धागा आपल्याला घेता येतो: मुलांनी जमवलेली माहिती संशोधनात खरोखर वापरली गेली पाहिजे. खोटंखोटं काम मुलांना लगेच ओळखू येतं.

आपल्याकडे न खणता करण्यासारखं असं खरं काम म्हणजे वीरगळांची नोंद; वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. मारुतीच्या पारावर, वेशीपाशी, ओढ्याकाठी, शेंदूर फासलेले किंवा अर्धे गाडलेले दगड जवळपास प्रत्येक जुन्या गावात आहेत आणि त्यांची पूर्ण मोजदाद कुणाकडेही नाही. मुलांना वीरगळ खालून वर वाचायला शिकवा. तळाच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा गाईंसाठी झालेली, आणि पडलेला वीर. मधल्या चौकटीत त्याला अप्सरा घेऊन निघाल्या आहेत. वर तो शिवलिंगापुढे बसला आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याची आठवण राहो. एकदा वाचता आलं की मूल स्वतः पुढच्या गावच्या पारावर जाऊन उभं राहतं. शेजारी काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेली सतीशिळा असेल. कुठे गधेगळ असेल. दानाचा भंग करणाऱ्याला घातलेली शिवी त्यावर कोरलेली असते, तेव्हा ते शिकवताना शिक्षकांशी आधी बोलून घ्या. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख असाच गधेगळ आहे, शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा. तो कितीतरी वर्षं रस्त्याच्या कडेला उभा होता. तुमच्या शाळेच्या वाटेवर काय उभं आहे हे मुलांखेरीज कोण सांगणार?

नोंदीचा तक्ता एका पानाचा ठेवा: कुठे आहे, उंची, रुंदी, चौकटी किती, अक्षरं आहेत का, कोण पूजा करतं, काय म्हणतात. दगड तारेच्या ब्रशनं किंवा आम्लानं घासायचा नाही, अक्षरांत खडू किंवा पीठ भरायचं नाही, शेंदूर खरवडायचा नाही. पूजेतला दगड असेल तर आधी पूजा करणाऱ्यांना विचारायचं. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना काढायचा; अक्षरं पुसट असतील तर अंधार पडल्यावर मोठ्या माणसासोबत जाऊन बाजूनं बॅटरी धरायची. तिरप्या उजेडात पुसट अक्षर उठून दिसतं, ते पाहताना मुलांचे चेहरे तुम्ही एकदा बघाच.

शिक्षकांबद्दल थोडक्यात. सगळं एका उत्साही गुरुजींवर किंवा बाईंवर टाकू नका. बदली होते आणि काम थांबतं. शाळेत एक पेटी आणि एक वही ठेवा: खापरांचा शिकवण्याचा संच, वर्तुळांचा तक्ता, वीरगळांच्या नोंदी, तुमचा फोन नंबर. नव्या शिक्षकाला वही उघडली की पुढे जाता आलं पाहिजे. वेळ डिसेंबर-जानेवारीतली धरा. फेब्रुवारीत परीक्षांची घाई सुरू होते आणि तुम्ही नुसता अडथळा ठरता. पहिल्या मोठ्या पावसानंतर एक फेरी जरूर करा. टेकाडावरची माती धुऊन निघालेली असते आणि खापरं, मणी, काचेच्या बांगड्यांचे तुकडे वर दिसतात. मुलांनी फक्त बघायचं, मोजायचं, काठी रोवून खूण करायची.

शाळेत पाहुणा म्हणून कुणाला न्यावं? माझं मत ठाम आहे: चरात काम करणाऱ्या गावच्या माणसांना. दोन मोसम खणलेला मजूर मातीचा रंग माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर ओळखतो. कुदळीच्या आवाजावरून 'इथं जमीन लागली' म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं चुकलेलं फार थोडं आठवतं. खापरं धुणाऱ्या बायकांच्या हातांखालून हजारो तुकडे जातात. एका बाईंनी दोन वेगवेगळ्या टोपल्यांतले तुकडे एकाच भांड्याचे आहेत हे धुता धुता ओळखलं होतं, आणि त्यावरून दोन खड्डे एकाच वेळचे असल्याचं आम्हाला कळलं. अशी आई वर्गात येऊन बोलते तेव्हा तिचं मूल ज्या ताठ मानेनं बसतं, ते कुठल्याही व्याख्यानानं होत नाही. आणि त्यांची नावं अहवालात छापा, त्यांना विचारून. 'स्थानिक मजुरांच्या साहाय्यानं' हे वाक्य पुरेसं नाही.

सांगाडे निघाले तर काम त्या दिवसापुरतं हळू करा. फोटोंची झुंबड उडू देऊ नका, मुलांना लगेच बोलावू नका. एकदा आमच्या चरात लहान मुलाचं कुंभदफन निघालं. माझे विद्यार्थी मोजमापांत गुंग होते. टोपली घेऊन उभ्या असलेल्या एक मावशी खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आमच्यात बी लहान लेकराला जाळत न्हाईत, पुरत्यात." त्यांचं पहिलं मूल गेलं होतं. आम्ही अर्धा तास काम थांबवलं. त्यांनी विचारलं, घराच्या आतच का पुरलं असंल? मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही, पण इनामगावलाही बहुतेक मुलं घराच्या जमिनीखालीच पुरलेली मिळाली. त्या म्हणाल्या, "जवळ राहावं म्हणून." हे अहवालात सिद्धान्त म्हणून मांडता येणार नाही. शाळेत मात्र मी हे सांगतो, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या परवानगीनं.

पांडवांनी एका रात्रीत बांधलं, सीतेची न्हाणी, राक्षसाचं टेकाड, अशा गोष्टी खोडून काढायला बसू नका. लिहून घ्या, त्या गोष्टी आहेत म्हणून कित्येक जागा शाबूत राहिल्या. पण 'गाव आधी कुणाचं' या वादात तुमच्या खापराला ओढलं जात असेल, तर तिथे स्पष्ट बोला. इसवीसनापूर्वी १४००चं भांडं त्याच्या मालकाची जात सांगत नाही. हे वाक्य मी ग्रामसभेत दोनदा म्हटलं आहे, दोन्ही वेळा शांतता पसरली, आणि दोन्ही वेळा नंतर कुणीतरी येऊन चहाला घेऊन गेलं.

शेतात नाणी किंवा भांडी सापडली तर काय, हेही गावाला सांगून ठेवा. १८७८चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यात सापडणाऱ्याच्या आणि जमीनमालकाच्या हक्काचीही तरतूद आहे. लोक भीतीनं वितळवतात किंवा विकतात. तहसील कार्यालयात कळवताना कुणीतरी सोबत येईल एवढा भरवसा असला तर कळवतात. ती सोबत तुम्ही द्या. नाणी घासू नयेत, वाटून घेऊ नयेत, मडकं फुटलेलं असलं तरी फेकू नये, एवढं तरी प्रत्येक घरात पोचू दे.

शाळेत संग्रहालय काढण्याची मागणी होईल. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या आणि आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तिथे उभं आहे. प्राचीन तगर नगराची ओळख त्यामुळे टिकली. त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे. पण आज, १९७२च्या पुरावस्तू कायद्यानंतर, शाळेनं पांढरीवरच्या वस्तू कपाटात जमवणं योग्य नाही, आणि जागेवरून उचललेली वस्तू मुकी होते. त्याऐवजी प्रतिकृती, फोटो, नकाशे आणि मुलांनी काढलेली चित्रं लावा. कुंभारकाकांनी जुन्या तोटीच्या भांड्यासारखं घडवलेलं भांडं कपाटात शोभतं आणि मुलांना हातातही घेता येतं.

आणि परत जा. इनामगावचं खणणं १९६८पासून दहाहून अधिक मोसम चाललं आणि सविस्तर अहवाल १९८८मध्ये आला. आपल्या क्षेत्रात हा वेग चांगलाच म्हणायचा. पण गावानं तोवर थांबायचं का? दर मोसमाच्या शेवटी आठ पानांची मराठी पुस्तिका काढा: यंदा काय विचारलं होतं, काय मिळालं, काय कळलं नाही, वस्तू कुठे ठेवल्या आहेत, पाहायच्या असतील तर कुणाला भेटायचं. फोटोंत माणसं असू द्या. झेरॉक्सची असली तरी चालेल. तुमच्या विभागाकडे पैसे नसतील तर एका चराचा खर्च कमी करा; मी हे गंभीरपणे सांगतो आहे.

यंदाचा मोसम संपेल तेव्हा चर बुजवण्याच्या दिवशी शाळेला बोलवा. आपण तळाला प्लास्टिकचा कागद अंथरतो आणि त्यावर चालू वर्षाचं नाणं ठेवतो. पुढे कुणी पुन्हा खणलं तर त्याला कळावं, की इथपर्यंत आधीची माणसं येऊन गेली होती आणि कधी. ते नाणं मुलांकडून घ्या. आमच्याकडे एका वर्षी नाण्यावरचं साल जुळेना, म्हणून चौथीतला मुलगा धावत घरी गेला आणि आईच्या डब्यातून त्या वर्षाचा रुपया घेऊन आला. शिडीनं खाली उतरून त्यानं तो स्वतः ठेवला, छाप वर करून, आणि वर येऊन मजुरांना म्हणाला, "आता हळूच माती टाका."